म्हणे रातोरात पोलीस बदलले!

काळा दिन (1 नोव्हेंबर; 1956 ला याच दिवशी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं) जवळ आला की बेळगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: 1947 ला देश स्वतंत्र झाला तरी पोलीस इंग्रजांचेच राहिले, नवी भरती नाही की नवं प्रशिक्षण नाही, आणि 1 नोव्हेंबर 1956 ला मुंबईचे पोलीस रातोरात हटवून म्हैसूरचे आणून बसवले. सीमाप्रश्नावर मी कुठल्या बाजूला आहे हे सांगायला नको. पण आपलीच माणसं असलं काही पुढे ढकलतात तेव्हा जास्त टोचतं, कारण समोरचा एक चूक पकडतो आणि उरलेलं सगळं उडवून लावतो.

‘पोलीस इंग्रजांचेच राहिले.’ शिपाई आणि जमादारांपुरतं खरं आहे. 14 ऑगस्टला जो ठाण्यात होता तोच 16 ला होता. कायद्याचं मात्र तसं नाही. आपला जिल्हा मुंबई प्रांतात, तिथे 1890 चा जिल्हा पोलीस कायदा चालायचा. तो जाऊन 1951 ला नवा मुंबई पोलीस कायदा आला. त्यात जुन्याचा अंश भरपूर होता, हेही मान्य.

‘नवी भरती, नवं प्रशिक्षण नाही.’ हे साफ चूक. गोरे अधिकारी गेले, बरेच मुसलमान अधिकारी पाकिस्तानात गेले, वरच्या जागा रिकाम्या पडल्या. ही वेळ येणार हे ओळखून सरदार पटेलांनी ऑक्टोबर 1946 मध्येच प्रांतांच्या पंतप्रधानांची (मुख्यमंत्र्यांना तेव्हा असंच म्हणत) बैठक घेऊन आयएएस आणि आयपीएसला संमती मिळवली होती. 15 सप्टेंबर 1948 ला माउंट अबूला केंद्रीय पोलीस प्रशिक्षण महाविद्यालय सुरू झालं.  खालच्या अधिकाऱ्यांचं बोलायचं तर मुंबई प्रांतातला फौजदार नाशिकच्या पोलीस ट्रेनिंग स्कूलमधून तयार व्हायचा. ती शाळा 1947 च्या कितीतरी आधीची, आणि स्वातंत्र्यानंतरही तशीच चालू राहिली.

‘रातोरात म्हैसूरचे पोलीस.’ मेसेजचा सगळा जोर इथे आहे, आणि तो इथेच फसतो. 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्याचं कलम 115 आणि 116 वाचा. हस्तांतरित भागात नोकरीवर असलेला माणूस नव्या राज्याचा नोकर झाला. त्याला घरी पाठवलं नाही. त्याच्या सेवाशर्ती त्याला तोट्यात घालतील अशा बदलायच्या तर केंद्राची आधी मंजुरी हवी, अशीही अट होती. म्हणजे ठाण्यातली माणसं बहुतेक तीच. बदललं ते वरचं सरकार: बदली आणि बढतीचे हुकूम मुंबईऐवजी बेंगळुरूहून यायला लागले. ही तक्रार करायची तर खुशाल करा, तिला आधार आहे.

कायदाही लगेच बदलला नाही. कलम 119 प्रमाणे जुने कायदे आपापल्या मुलखात चालू राहिले. बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवारला 1963 चा म्हैसूर पोलीस कायदा लागू होईपर्यंत मुंबईचाच 1951 चा कायदा चालला. मनाई हुकूम काढण्याचं त्यातलं कलम 37 त्या काळात म्हैसूर सरकारच्या कलेक्टरच्या हाती होतं.