गटारातला डास नव्हे हो!

'मलेरियाचे डास गटारात वाढतात, म्हणून गटारं साफ ठेवा' हे लेखातलं वाक्य खटकलं. गटाराच्या घाण पाण्यात मुख्यतः क्युलेक्स जातीचा डास वाढतो. तो रात्रभर कानाशी गुणगुणून झोप उडवतो, पण मलेरिया देत नाही. मलेरिया देते अ‍ॅनाफिलीस जातीच्या डासाची मादी, आणि तिला अंडी घालायला बहुतेक वेळा स्वच्छ, संथ पाणीच आवडतं: झाकण नसलेली टाकी, विहीर, पावसाचं डबकं. आमच्या घरात मलेरिया झाला तेव्हा आम्ही गटारावर औषध मारत बसलो. शेवटी गच्चीवरच्या टाकीत टॉर्च मारला, तर पाणी अगदी नितळ आणि त्यावर अळ्या आडव्या तरंगताहेत! हीच अ‍ॅनाफिलीसची खूण. क्युलेक्सची अळी शेपटाकडची श्वासनळी पाण्याच्या वर काढून डोकं खाली लोंबकळते. अ‍ॅनाफिलीसच्या अळीला तशी नळीच नसते, म्हणून ती पृष्ठभागाला समांतर पडून राहते. भिंतीवर बसलेला अ‍ॅनाफिलीस डासही ओळखता येतो, शेपूट वर करून तिरका बसतो. (एकदा कळलं की प्रत्येक डासाकडे तसंच बघायची खोड लागते.)

आणखी एक राहिलंय. रुग्णाला चावलेली मादी लगेच दुसऱ्याला मलेरिया देऊ शकत नाही. परजीवी तिच्या पोटात वाढून लाळग्रंथीत पोहोचायला हवामानानुसार साधारण 10 ते 14 दिवस जातात. बऱ्याच माद्या तेवढ्या जगतच नाहीत. घरात फवारणी किंवा औषध लावलेली मच्छरदाणी कामी येते ती इथेच, मादीचं आयुष्य थोडं कमी झालं तरी प्रसार बराच घटतो. लेखात हे यायला हवं होतं.