जवाईंची गाडी

‘साहेब, हे जळगाव आहे. मे महिन्यात गाडी तापणारच.’

हे वाक्य ऐकवायचे आमचा गॅरेजवाला पैसे घेतो. आधी त्याने कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, बदललं, मग रेडिएटर धुतला, मग थर्मोस्टॅटचा, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत ते पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा, वॉल्व्ह काढून टाकला, आणि एवढं करून गाडी तापतेच म्हटल्यावर खापर फोडलं सूर्यावर. इथे पारा ४५ ला टेकतो, मान्य. पण मग बाकीच्या गाड्या काय महाबळेश्वरला राहतात? त्यातून माझी गाडी मोकळ्या रस्त्यावर गार. गर्दीत अडकली की काटा वर. यातच सगळं निदान होतं, पण ऐकून घेणार कोण?

परवा अमळनेरला सासरकडचं लग्न. बांभोरीच्या पुलापाशी केळीच्या ट्रकांची रांग लागलेली, खाली गिरणा कोरडी ठणठणीत, आणि माझा काटा लाल रेघेकडे निघालेला. अशा वेळी एसी बंद करून हिटर पूर्ण सोडायचा असतो. इंजिनाचं तापलेलं कूलंट हिटरच्या छोट्या जाळीतून फिरतं आणि तेवढी उष्णता गाडीत, म्हणजे आपल्या अंगावर येते. शास्त्रशुद्ध उपाय आहे. मी काचा खाली केल्या आणि हिटर सोडला. बायकोने आहेराची पैठणी छातीशी धरली आणि माझ्याकडे असं काही पाहिलं की काटाही क्षणभर थबकला.

शेवटी गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडलं. आपल्याकडे बॉनेट उघडणं म्हणजे गावाला आवतण देणं. शेजारून एक आबा लुनावरून उतरले. पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं, हँडलला दुधाची रिकामी बरणी. त्यांनी इंजिनाकडे पाहिलंच नाही. खिडकीत हात घातला, हवा लागताच मागे घेतला.

‘हाई काय? हिटर? ह्या उनमा?’

मी समजावू लागलो.

‘गाडी तपनी का तुम्ही तपनात?’

तोवर चारपाच जण जमले. आबांनी चौकशीची सूत्रं हाती घेतली, पण चौकशी माझी. कोनता गावना? गाडी कितीले लिधी? सासरवाडी कोठली? इथे माझी बायको आतून उत्साहाने म्हणाली, ‘अमळनेर.’ कोणाकडचे? तिने सांगितलं. आबांचा चेहरा उजळला.

‘मंग तुम्ही तं आमना जवाई!’

त्यांच्या मावसभावाची सून आणि माझ्या सासूबाईंची चुलत बहीण एकच निघाली, किंवा दोघी एका गल्लीतल्या. मला उन्हात नीट कळलं नाही. नातं लागलं आणि माझी उरलीसुरली अब्रू गेली. परका माणूस असतो तर पाणी देऊन निघून गेले असते. जवाई म्हटल्यावर हक्क आला. ‘जवाईनी गाडी तपनी!’ अशी हाक रांगेत मागे मागे जात राहिली. एका केळीच्या ट्रकचा क्लीनर वरून वाकून म्हणाला, ‘जवाईबुवा, टोपण उघडा ना!’

तापल्या रेडिएटरचं टोपण उघडायचं नसतं. आत दाब असतो म्हणूनच पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. टोपण फिरवलं की दाब सुटतो आणि सगळं तोंडावर येतं. मी टोपणासमोर उभा राहिलो. आबा आपलं उपरणं ओलं करून पुढे सरकत होते. ‘सरका, जवाई. मी चाळीस साल ट्रॅक्टर चालाडा.’ मी त्यांचं मनगट धरलं. ते थांबले, पण बायकोकडे वळून हळूच विचारलंच, ‘पोर, सुखमा शे ना?’

पुढचा तपशील नको. बायको मागून आलेल्या नातेवाइकांच्या एसी गाडीतून पुढे गेली. पैठणीसुद्धा. मी पोचलो तेव्हा पंगती उठत होत्या, वरण-बट्टीतलं वरण संपलेलं, आणि सासरेबुवांपर्यंत हिटरचा किस्सा माझ्याआधी पोचला होता. ज्या गावात १९४५ साली वनस्पती तेलाच्या धंद्यातून विप्रो सुरू झाली, त्या गावचे सासरे गाडीकडे गुंतवणूक म्हणूनच बघतात. ‘विकून टाका’ एवढंच म्हणाले.

परत आल्यावर मी गॅरेज सोडून एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. लिंबाखाली खाट, तीच त्याची दुकानदारी. त्याने गाडी जागेवर चालू ठेवून एसी लावला आणि वाकून रेडिएटरच्या पंख्याकडे बघितलं. पंखा मख्ख. एसी लावला की तो फिरायलाच हवा. गाडी पळत असताना समोरची हवा रेडिएटर गार करते, गर्दीत ते काम या पंख्याचं. त्याने फ्यूजच्या डबीतून हॉर्नचा रिले, म्हणजे वीज जोडणारा छोटा स्विच, उपटला आणि पंख्याच्या रिलेच्या जागी बसवला, दोन्ही सारखेच. भर्रकन पंखा फिरला. दोनअडीचशे रुपयांची वस्तू! इतके हजार घालवले त्या गॅरेजात, पण एकदा वाकून बघायला कोणाची कंबर मोडत होती?

तडक गॅरेजवर गेलो. पैसे परत मिळणार नव्हतेच, पण म्हटलं माझा थर्मोस्टॅट तरी द्या. त्याच्याशिवाय इंजिन लवकर गरम होत नाही आणि पेट्रोल जास्त पितं. जानेवारीत शेजारच्या धुळ्याचा पारा पाच-सहावर येतो, तेव्हा काय करू?

‘तो कुठला आता,’ गॅरेजवाला हात पुसत म्हणाला. ‘तो दुसऱ्या साहेबांच्या गाडीत टाकला. त्यांची फार तापत होती.’