नापोली म्हणजे केवळ मॅराडोना नव्हे

समाजमाध्यमांवर वारंवार फिरणाऱ्या एका मजकुरात तीन विधाने असतात. दिएगो मॅराडोना येण्यापूर्वी नापोली या नेपल्सच्या फुटबॉल क्लबने काहीही जिंकले नव्हते, १९८७ चे इटालियन विजेतेपद त्याने एकट्याने मिळवून दिले, आणि तो गेल्यावर क्लब संपला. मॅराडोनाबद्दल मला नितांत आदर आहे, पण त्याच्या थोरवीसाठी एका जुन्या क्लबचा इतिहास पुसला जात असल्याने त्याचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान सरळसरळ खोटे आहे. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबने १९६२ मध्ये कोप्पा इतालिया, म्हणजे इटलीचा राष्ट्रीय चषक जिंकला, आणि तोही सेरी बी या दुसऱ्या श्रेणीत खेळत असताना. त्या श्रेणीतील संघाने हा चषक जिंकल्याचे हे एकमेव उदाहरण आहे. १९७६ मध्ये अंतिम सामन्यात वेरोनाला ४-० असे हरवून तो चषक पुन्हा नेपल्सला आला. त्याच्या आदल्या वर्षी लुईस विनिसिओच्या मार्गदर्शनाखाली संघ इटालियन लीगमध्ये तूरिनच्या युव्हेंटसपेक्षा अवघ्या दोन गुणांनी मागे राहून दुसरा आला होता. तूरिनमधील निर्णायक सामन्यात युव्हेंटसकडून नापोलीविरुद्ध शेवटच्या क्षणी गोल केला तो जोसे अल्ताफिनीने, जो त्यापूर्वी सात वर्षे नापोलीकडूनच खेळला होता, आणि नेपल्समधील जुन्या चाहत्यांनी ती जखम पुढे कित्येक वर्षे जपली. १९६७ ते १९७२ या काळात, पुढे १९८२ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इटलीचा कर्णधार ठरलेला दिनो झोफ याच संघाचा गोलरक्षक होता, हेही त्या मजकुरात कुठे आढळत नाही.

दुसऱ्या विधानात सत्याचा अंश आहे, म्हणूनच ते अधिक दिशाभूल करते. १९८४ च्या उन्हाळ्यात मॅराडोना आला तेव्हा संघ नुकताच १६ संघांत बारावा आला होता. त्याच्या पहिल्या हंगामात संघ आठवा, दुसऱ्यात तिसरा आणि तिसऱ्यात पहिला आला. एकटा माणूस पुरेसा असता तर पहिल्याच वर्षी विजेतेपद मिळायला हवे होते. मधल्या काळात जे घडले त्याला संघबांधणी म्हणतात: १९८५ मध्ये प्रशिक्षक ओत्ताविओ बियांकी आले, त्याच वर्षी वेरोनाला विजेतेपद मिळवून देणारा गोलरक्षक क्लाउदिओ गारेल्ला आणि आघाडीपटू ब्रूनो जोर्दानो दाखल झाले, पुढच्या वर्षी फेर्नांदो दे नापोली आला. विजेत्या हंगामातील ३० सामन्यांत नापोलीने ४१ गोल केले आणि केवळ २१ स्वीकारले. त्या ४१ पैकी मॅराडोनाचे १० होते. बचावाच्या त्या आकड्यामागे नेपल्समध्येच जन्मलेला चीरो फेर्रारा आणि १९७२ पासून संघात असलेला ज्युसेप्पे ब्रुस्कोलोत्ती होते. कर्णधारपदाची पट्टी मॅराडोनाकडे सोपवली तीही ब्रुस्कोलोत्तीनेच.

त्या विजेतेपदाला ‘दक्षिणेचे पहिले’ असेही म्हटले जाते. सार्डिनिया बेटावरील काल्यारीने १९७० मध्येच सेरी आ, म्हणजे इटलीची अव्वल श्रेणी, जिंकली असल्याने मुख्य भूमीवरील दक्षिणेचे पहिले, असे म्हणणे अचूक ठरेल.

उरले तिसरे विधान. मॅराडोना १९९१ मध्ये गेला आणि २००४ मध्ये क्लब खरोखरच दिवाळखोरीत निघाला, हे मान्य करायला हवे. तथापि चित्रपट-निर्माते आउरेलिओ दे लाउरेंतीस यांनी तिसऱ्या श्रेणीतून पुन्हा सुरुवात केल्यावरही तिथल्या एका सामन्याला सुमारे ५१,००० प्रेक्षक आले, आणि २००७ मध्ये संघ सेरी आमध्ये परतला. त्यानंतर २०१२, २०१४ आणि २०२० मध्ये कोप्पा इतालिया, २०१७-१८ मध्ये तब्बल ९१ गुण मिळवूनही दुसरे स्थान, आणि २०२३ मध्ये लुचियानो स्पाल्लेत्ती यांच्या संघाने पाच सामने शिल्लक असतानाच विजेतेपद मिळवले. मॅराडोनाचा ११५ गोलांचा क्लबविक्रमही प्रथम मारेक हामशिकने आणि नंतर १४८ गोल करणाऱ्या द्रीस मेर्टेन्सने मागे टाकला. एकूण पाहिले तर २०२५ पर्यंतच्या चार विजेतेपदांपैकी दोन आणि सहा कोप्पा इतालियांपैकी पाच मॅराडोनाविना जिंकलेली आहेत; १९८९ चा युएफा चषक ही युरोपीय क्लब स्पर्धा मात्र निःसंशय त्याच्याच काळातला.

यातले चौथे विजेतेपद २३ मे २०२५ रोजी, आन्तोनिओ कोन्ते प्रशिक्षक असताना, काल्यारीलाच २-० असे हरवून मिलानच्या इंटर संघापेक्षा एका गुणाने पुढे राहून मिळाले. ज्या मैदानावर ते मिळाले, त्याला २०२० पासून मॅराडोनाचे नाव आहे.