जंताचं औषध दर दोन महिन्यांनी? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुम्ही लिहिलंय : "वर्षातून दोनच डोस म्हणजे घोड्याच्या जिवावर काटकसर. आम्ही दर दोन महिन्यांनी देतो, आणि गाईचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन स्वस्तही पडतं."

दोन महिन्यांचं हे वेळापत्रक १९६६ साली अमेरिकेत सुचवलं गेलं. तेव्हा धास्ती होती ती मोठ्या स्ट्राँगाइल जंतांची. त्यांच्या अळ्या आतड्याच्या रक्तवाहिन्यांत शिरल्या की घोडा पोटशूळाने जायचा. आज बहुतेक तबेल्यांत त्रास असतो छोट्या स्ट्राँगाइलचा, आणि ते फेनबेंडाझोल या जंतनाशकाला जागोजागी दाद देत नाहीत. ऊठसूट औषध दिल्याने चिवट जंतच मागे उरत गेले.

म्हणून आधी लीद तपासा. ताजी लीद पिशवीत घ्या, हवा काढून तोंड बांधा, फ्रीजमध्ये ठेवा (बर्फाच्या कप्प्यात नाही) आणि २४ तासांत प्रयोगशाळेत द्या. मोठ्या घोड्याच्या लिदीत एका ग्रॅमला २०० पेक्षा कमी अंडी असतील तर त्या वेळी औषध नको. ५०० च्या वर असतील तर नक्की द्या, आणि १४ दिवसांनी पुन्हा मोजा. आयव्हरमेक्टिननंतरही अंडी ९५ टक्क्यांहून कमी घटली, तर एकतर डोस कमी पडलाय किंवा औषध लागू पडत नाही.

डोस कमी पडतो तो बहुधा नजरेने वजन ठरवल्यामुळे. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करा, त्याला खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८७७ ने भागा. घेर १५०, लांबी १४५ असेल तर वजन साधारण २७५ किलो. आयव्हरमेक्टिन किलोला ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे ५५ मिलिग्रॅम. तोंडातून द्यायच्या पेस्टच्या सिरिंजची कडी ३०० किलोच्या खुणेवर लावा; थोडं जास्त चालतं, कमी नको.

आपल्याकडे अळ्या वाढतात पावसाळ्यात. एप्रिल-मेच्या उन्हात कुरण भाजून निघतं, तिथल्या बहुतेक अळ्या मरतात. नेमकं तेव्हा सरसकट औषध दिलं तर पोटात उरलेले चिवट जंतच पावसाळ्यात कुरणभर पसरतात. त्यापेक्षा पावसाळ्यात मोजणी करून गरज असेल त्यालाच द्या, आणि दिवाळीनंतर सगळ्यांना आयव्हरमेक्टिन अधिक प्राझिक्वांटेल (फीतकृमीवरचं औषध). फीतकृमी मोजणीत सहसा सापडत नाही, म्हणून हा डोस चुकवू नका. पुढच्या पायांच्या केसांवर चिकटलेली पिवळी अंडी दिसली तर ती बॉट माशीची; पोटातल्या तिच्या अळ्याही याच डोसात जातात. कुरणातली लीद मात्र आठवड्यातून दोनदा उचलायलाच हवी. (हे काम कुणालाच आवडत नाही, पण औषधापेक्षा जास्त उपयोग याचाच.)

शिंगरांना हा हिशोब लावू नका. त्यांच्यातला मोठा गोलकृमी पुष्कळ ठिकाणी आयव्हरमेक्टिनला जुमानत नाही. दोन-तीन महिन्यांच्या वयात फेनबेंडाझोल द्यावं. चार महिन्यांच्या आत मॉक्सिडेक्टिन हे जंतनाशक अजिबात नको.

आणि गाईचं ते इंजेक्शन घोड्याला देणं बंदच करा. टोचल्या जागी क्लोस्ट्रिडियम जिवाणूंमुळे मांस सडून घोडे दगावले आहेत. याच कारणाने खास घोड्यांसाठीचं आयव्हरमेक्टिन इंजेक्शनसुद्धा १९८० च्या दशकात अमेरिकेच्या बाजारातून मागे घ्यावं लागलं.