'९८ टक्के अचूक' भाव सांगणारं मॉडेल: त्या मेसेजला उत्तर

"आरिमा मोडीत काढा. एलएसटीएम शेतमालाचे भाव ९८ टक्के अचूक सांगतं. माल कधी विकायचा ते त्यावरून ठरवा." हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. आरिमा म्हणजे मागच्या आकड्यांवरून पुढचा आकडा काढायची जुनी संख्याशास्त्रीय पद्धत; एलएसटीएम म्हणजे मशीन लर्निंगमधलं, मागच्या नोंदी लक्षात ठेवत शिकणारं न्यूरल नेटवर्क. काल तो माझ्या काकांनी पाठवला आणि खाली विचारलं, "मग माल ठेवू का अजून?" आता गप्प बसवत नाही.

आधी ते ९८ टक्के. हा अंदाज फक्त उद्याच्या भावाचा आहे. भाव दिवसाला सरासरी दोनेक टक्के हलत असेल, तर 'उद्याही आजचाच भाव' एवढं म्हणणाराही ९८ टक्के अचूक ठरतो! मेसेजमधला आलेख मोठा करून बघा. अंदाजाची रेघ खऱ्या रेघेमागून एक दिवस उशिरा चालते. भाव पडला की दुसऱ्या दिवशी तीही पडते. माल ठेवणाऱ्याला दोन-तीन महिन्यांनंतरचा भाव हवा असतो. त्या पल्ल्यावर चूक किती, याबद्दल एक अक्षर नाही. आणि चाचणीसाठी तारखा पत्त्यांसारख्या पिसल्या असतील, तर मंगळवारचा भाव सोमवार आणि बुधवार बघून सांगितलाय. याला अंदाज म्हणत नाहीत.

मेसेजचा पुढचा दावा: "आरिमा जुनं झालं." ही पद्धत रूढ करणारं बॉक्स आणि जेनकिन्स यांचं पुस्तक १९७० चं, मान्य. पण अंदाज पद्धतींची २०१८ ची एम-४ स्पर्धा बघा: एक लाख कालमालिका (म्हणजे काळाच्या क्रमाने मांडलेले आकडे), अंदाजशास्त्राचे अभ्यासक मक्रिडाकिस यांचं आयोजन. निव्वळ मशीन लर्निंगच्या सहा पद्धती उतरल्या होत्या. तीन साध्या घातांकी पद्धतींची (ताज्या आकड्यांना जास्त आणि जुन्यांना कमी वजन देणाऱ्या) सरासरी त्यातल्या एकीलाही ओलांडता आली नाही. पहिली आली ती घातांकी पद्धत आणि न्यूरल नेटवर्क यांची सांगड.

हो, त्याच मालिकेतल्या २०२० च्या एम-५ स्पर्धेत मशीन लर्निंगने बाजी मारली, हे नाकारत नाही. पण ते लाइटजीबीएम (अनेक निर्णयवृक्ष जोडून शिकणारी पद्धत) होतं, एलएसटीएम नव्हे. शिवाय तिथे वॉलमार्टच्या विक्रीच्या ४२,८४० मालिका एकत्र शिकायला होत्या, आणि अंदाज विक्रीचा होता, भावाचा नाही. एका पिकाच्या काही वर्षांच्या मासिक भावांत तेवढं शिकण्यासारखं नसतं.

मेसेजमधलं "गार्च तेजी-मंदी सांगतं" हेही चूक. गार्च हे संख्याशास्त्रीय मॉडेल चढउतार किती मोठे असतील ते सांगतं. भाव वर जाईल की खाली, ते नाही.

काकांना एवढंच कळवलंय: पाठवणाऱ्याला तीन महिन्यांपुढच्या अंदाजातली चूक विचारा, आणि 'गेल्या हंगामातला याच महिन्याचा भाव' धरला असता तर किती चुकलं असतं, तेही शेजारी मागा. ते येईपर्यंत या मेसेजवरून माल अडवू नका.