पट्टी त्यांची, सही माझी

परवा एका विमान कंपनीच्या काउंटरवर मी चिठ्ठीवर सही केली, ती अजून डोक्यातून जात नाही. बॅगेची चेन संपते तिथलं कापड उसवलं होतं. म्हणून निघताना खोक्यांना लावतात त्या तपकिरी चिकटपट्टीचे तीन वेढे मारले होते. काउंटरवरच्या मुलीने मेलेली पाल उचलावी तशी दोन बोटांनी बॅग फिरवली. "सर, बॅग डॅमेज्ड आहे. इथे साइन करा." म्हणजे पुढे बॅगेचं काहीही होवो, कंपनीचा संबंध नाही. मागे गणपतीला गावी निघालेल्यांची रांग उसासे टाकत होती. केली सही.

मी काही विमानाने गावी जाणाऱ्यातला नव्हे. पण कोकण रेल्वेचं गणपतीचं आरक्षण उघडल्या उघडल्या संपतं, आणि मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून चाललंय. तेव्हा जन्मलेली पोरं आता मोटारसायकल मागताहेत. गेल्या वर्षी त्या रस्त्याने वेंगुर्ल्याला पोचलो, तर काकीने गणपतीआधी माझ्याच कमरेला तेल लावलं. म्हणून यंदा विमान. वर खड्डे नसतात, अशी माझी समजूत.

खिडकीचे वेगळे पैसे भरले होते. खिडकीतून दिसला पंख, आणि पंखावर चंदेरी चिकटपट्टी. दोन तुकडे, शेजारी शेजारी, शाळेच्या पुस्तकाला लावावेत तसे.

शेजारी देवबागचे एक गृहस्थ होते. साठीचे, दोन फायबरच्या होड्यांचे मालक. मुंबईत लेकीकडे जाऊन परत चालले होते. मी टक लावून काय बघतोय ते बघायला ते माझ्या मांडीवर जवळजवळ आडवेच झाले.

"ता काय चकाकता?"

"पट्टी."

"पट्टी? विमानाक?" त्यांनी चष्मा लावला. मग काढला, पुसला, परत लावला. होडी विकत घेण्यापूर्वी तिचा तळ बघावा तसा त्यांनी तो पंख बघितला. "बरी लायल्यानी हा. फुगो नाय खयच. पण कोपरे गोल कापूक व्हये होते. चौकोनी कोपरो पयलो सुटता."

मी त्या क्षणापर्यंत कोपऱ्यांचा विचार केला नव्हता. त्यानंतर दुसरा कसलाच केला नाही.

त्यांनी डोक्यावरचं बटण दाबलं. हवाई सुंदरी आली. "बाय, ही पट्टी कोणी लायल्यान?"

"सर, ती स्पीड टेप आहे. इंजिनिअर्सनी चेक केलंय."

"स्पीड टेप? म्हंजे ती लायली की इमान जोरात जाता?"

पुढच्या तीन रांगा वळल्या. एका बाईंनी पोराला खिडकीकडून उचलून आतल्या बाजूला घेतलं. मला मात्र काउंटर आठवला आणि माझी तार सटकली. मी म्हटलं, "मॅडम, माझ्या बॅगेला पट्टी होती तर तुम्ही माझी सही घेतलीत. आता तुमच्या पंखाला पट्टी आहे. तर तुमच्या वतीने सही कोण करणार, आणि कुठे?"

ती गोड हसली. "सर, सीट बेल्ट."

हे उत्तर आहे?

"तुमी भियातास कित्याक?" देवबागकर म्हणाले. "माझी होडी तीन वर्सा एम-सीलार चलता. बुडाक नाय अजून." मग जरा थांबून, "होडी फुटली तर पेवान तरी येवक गावता." पोहण्याचं एवढं बोलून त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि उतरेपर्यंत तोंड उघडलं नाही.

घरी येऊन वाचलं. ती आपली दुकानातली पट्टी नव्हेच. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, मागे जबरदस्त गोंद. वारा, पाणी, ऊन, वरची हाडं गोठवणारी थंडी, सगळं सोसते. रुंद गुंडाळी काहीशे डॉलरला पडते, म्हणजे माझ्या बॅगेहून महाग. ज्यावर विमानाचा भार नाही अशाच जागी, विमान बनवणाऱ्यांच्या पुस्तकात परवानगी असेल तरच, नोंद करून लावतात. पक्की दुरुस्ती मागाहून. बोइंग 787 चे पंख कार्बन कॉम्पोझिटचे. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्यांच्यावरचा रंग सुटतो, म्हणून नवा रंग लागेपर्यंत तिथेही हीच ठिगळं. म्हणजे आमच्या पडवीच्या कौलांवरचं निळं प्लास्टिक. फरक इतकाच की ते प्लास्टिक कोणी वहीत नोंदवत नाही, आणि पक्की दुरुस्ती पुढल्या मे महिन्यात असते. कुठल्या सालच्या मे महिन्यात, ते काका असताना ठरलं नाही, आता काय ठरणार.

कापडी डक्ट टेपची गोष्टही सापडली. 1943 साली इलिनॉयच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात व्हेस्टा स्टाउट नावाची बाई कामाला होती. दोन मुलगे नौदलात. काडतुसांच्या खोक्यांवरच्या कागदी पट्टीचं टोक ओढताना तुटायचं. लढाईत पोरांनी खोकी काय दातांनी उघडायची? तिने मजबूत कापडी पट्टी सुचवली. कारखान्यात दाद मिळेना, तेव्हा तिने सरळ राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना पत्र धाडलं. आणि पट्टी तयार झाली! मी कंपनीला मेल पाठवलाय. उत्तरात माझ्या भावनांची कदर असल्याचं एक वाक्य आलंय, त्यात माझं आडनाव चुकलंय.

मेल कशाला, ते राहिलंच. विमान नीट उतरलं. पंखाची पट्टी जागच्या जागी. पट्ट्यावरून बॅग आली, तिचीही पट्टी जागच्या जागी. हँडल मात्र गायब. मी खिडकीवर गेलो. तिथल्या मुलाने चिठ्ठी काढून दाखवली. "सर, सही तुमचीच ना?"

"सही पट्टीसाठी होती, हँडल धड होतं!"

"सर, डॅमेज म्हणजे डॅमेज."

देवबागकर मागे उभे होते. त्यांनी आपल्या पिशवीतून जाळ्याची नायलॉनची दोरी काढली, बॅग चहूबाजूंनी आवळली आणि वर धरायला मूठ करून दिली. "ही गाठ जन्मात सुटाची नाय." पैसे विचारले तर रागावले.

खरंच सुटत नाही. आज तिसरा दिवस. मखराच्या दिव्यांच्या माळा आत, गणपती उद्या. काकी कोयती घेऊन उभी आहे. "काप नि मोकळो हो!" मी म्हणतोय थांब, आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढू दे, कंपनीला पाठवायचेत.