एका दिव्यासाठी किती छळ
परत तेच!! रात्री साडेअकराला एचओ मापाच्या मॉडेल रेल्वे इंजिनाचा हेडलाइट जोडायला बसलो आणि पहिलाच एलईडी फट्कन उडाला, का तर करंट आवरणारा रेझिस्टर टाकायचा राहिला. डिकोडरची, म्हणजे इंजिनाचे दिवे-मोटर चालवणाऱ्या छोट्या सर्किटची, निळी वायर प्लस, पांढरी पुढचा दिवा, पिवळी मागचा, हे तोंडपाठ आहे हो, पण इंजिनाच्या आतल्या जुन्या वायरी सगळ्याच्या सगळ्या काळ्या, कुठली कुठे जाते देव जाणे. आणि तो ०६०३ साइजचा एलईडी, जेमतेम १.६ मिलिमीटर, चिमट्यातून सटकला की गेलाच, मग मी अर्धा तास टॉर्च घेऊन फरशीवर रांगतोय. कसाबसा १ किलोओहमचा रेझिस्टर सोल्डर केला तर वरची बॉडीच बसेना, दाबून बसवली तर निळी वायर तुटली. वर बायको विचारते, पेटला का दिवा?